चिकटवलेली पानं

खोडी तशी किरकोळच होती. बोटभर खळ, बस. खळ म्हणजे मैद्याची, आम्ही बाइंडर लोक पुठ्ठा चिकटवायला शिजवतो ती. ती वाळली की पांढरी पडते आणि नखाने जरा ओढलं की चट् करून सुटते. कुणाचं काही बिघडत नाही. म्हणजे असं मला वाटलं होतं.

आमच्या चर्चमध्ये लेखकांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा हेडमास्तरांच्या घरी बसायचं. हेडमास्तर निवृत्त होऊन जमाना झाला, पण गावाला अजून ते हेडमास्तरच, आणि मला तर जास्तच, कारण त्यांच्या हातच्या छड्या खाऊनच मी मोठा झालोय. ते मला अजून वांड्या म्हणतात. मंडळात एक टेलर आहेत, ते भक्तिपर लेख लिहितात आणि प्रत्येक लेखात सुईदोरा आणतात. एक विमावाले आहेत, त्यांच्या कविता. आणि माझी थोरली मेव्हणी, ती दवाखान्यात नर्स. बायको तिला ताई म्हणते, अख्खं चर्च सिस्टर म्हणतं, म्हणून मीही सिस्टरच म्हणतो. मी स्वतः लेखक वगैरे काही नाही. पण सगळ्यांच्या प्रती मी फुकटात बांधून देतो, आणि फुकटच्या माणसाला दाराबाहेर कसं ठेवणार?

मंडळाचा कायदा एकच. उत्तेजन. लिहिणारा आधीच अर्धमेला असतो, त्याला आपण आणखी मारायचं नाही, असं हेडमास्तर पहिल्या दिवशी बोलले आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. एकाने लिहायचं, बाकीच्यांनी एकेक प्रत घरी न्यायची, महिनाभर ठेवायची, शेवटच्या पानावर ‘वाचलं’ म्हणून सही करायची आणि पुढच्या बैठकीला बोलायचं. बोलायचं म्हणजे काय, तर हृदयस्पर्शी म्हणायचं. टेलरांचं इस्त्रीवरचं प्रवचन हृदयस्पर्शी होतं. विमावाल्यांच्या कविता तर छापल्या न छापल्या तोच हृदयस्पर्शी व्हायच्या. एकदा त्यांच्या कवितांची मधली चार पानं माझ्या हातून उलटी बांधली गेली, खाली डोकं वर पाय. चुकून हं, ती खोडी नव्हती. तरी सगळ्यांच्या हृदयाला स्पर्श झाला. तेव्हापासून माझ्या मनात किडा वळवळत होता. ही माणसं वाचतात तरी का?

सिस्टरच्या पुस्तकाचं मात्र वेगळं होतं. ती कादंबरी होती आणि तिने ती किती वर्षं लिहिली याचा हिशेब तिच्या नवऱ्यालाही लागत नाही. ड्युटीवरून यायची, सुजलेले पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडायची आणि मांडीवर पाट घेऊन लिहायची. पाणी थंड होईपर्यंत लिहायचं, हा तिचा नेम. एका प्रकाशकाकडून ते बाड तीनदा परत आलं, दर वेळी गोड बोलून. आपण असतो तर बंब पेटवला असता त्याच्यावर. ही बाई पुन्हा पाणी तापवायची.

चौथ्यांदा पाठवायच्या आधी तिने ते मंडळापुढे ठेवलं. माझ्या बायकोला ती म्हणाली होती, हे शेवटचं. आपल्या माणसांनी नीट वाचून सांगावं, मग पाठवायचं की नाही ते ठरवीन. बायकोने मला ते सांगितलं, आणि वर बजावलंही की यात तुम्ही काही उद्योग करू नका.

आता असं बजावल्यावर माणसाचे हात शिवशिवणार नाहीत तर काय होईल?

झेरॉक्सचे गठ्ठे आले, मी ते शिवले, पुठ्ठे लावले. चारही प्रती माझ्यापुढे. पुस्तकाच्या साधारण मध्यावर दोन पानं उचलली, कडांना खळीचं बोट फिरवलं आणि दाबून टाकली. मधल्या दोन बाजू गडप. एक्क्याण्णव नंबरचं पान वाचून उलटलं की समोर थेट चौऱ्याण्णव. जो खरंच वाचेल त्याला वाक्य तुटलेलं दिसणारच, तो नख लावणारच. जो वाचणार नाही त्याची पानं तशीच्या तशी परत येतील. मग बैठकीत सगळ्यांचं हृदयस्पर्शी म्हणून झालं की मी प्रती उघडून दाखवणार, हशा पिकणार, चार दिवस गावभर सांगायला विषय. एवढाच बेत. त्या पानांवर काय लिहिलंय ते मी बघितलंही नाही. मध्यावरची म्हणून उचलली, इतकंच.

बैठकीच्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. हेडमास्तरांच्या बाहेरच्या खोलीत एक लांब टेबल आहे, त्यावर सगळे आपापली प्रत ठेवतात. गठ्ठा सरळ करतोय असं दाखवून मी प्रत्येक प्रतीच्या कडेवरून अंगठा फिरवला. बाइंडरच्या अंगठ्याला डोळे असतात. टेलरांची चिकटलेली. विमावाल्यांची चिकटलेली. हेडमास्तरांची चिकटलेली. माझी तर मी पुन्हा उघडलीच नव्हती. आणि शेवटच्या पानावर चौघांच्याही सह्या, ‘वाचलं’, ‘वाचलं’, झोकात.

मला आतून गुदगुल्या होत होत्या. चारात चार. एवढं घवघवीत यश मला शाळेत कधी मिळालं नाही.

बैठक सुरू झाली. प्रार्थना झाली. हेडमास्तरांच्या पत्नी, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, आत स्वयंपाकघरात चहाच्या तयारीला होत्या. सिस्टर दवाखान्यातून तशीच आली होती, पायात पांढरे बूट, मांडीवर पिशवी. हेडमास्तरांनी घसा खाकरून ‘हृ’ म्हटलंच होतं, तेवढ्यात ती म्हणाली की तिला कौतुक नकोय, तिला एकाच जागेबद्दल विचारायचंय. ती आई, जिची मुलगी वारते, ती पुढे कितीतरी दिवस उपासनेला येऊन बसते, गीताला सगळ्यांबरोबर उभी राहते, पण गात नाही. नुसते ओठ हलवते. आतून आवाजच येत नाही. तो दोन पानांचा तुकडा ठेवायचा की काढायचा, एवढंच तिला हवं होतं.

“ब्याण्णव आणि त्र्याण्णव,” ती म्हणाली. “तुम्ही वाचलंयच.”

माझ्या पोटातल्या गुदगुल्या जागच्या जागी मेल्या. तीनशे पानांच्या बाडात मी डोळे मिटून बोट ठेवलं होतं, आणि ते नेमकं तिच्या दुखऱ्या जागेवर पडलं होतं.

मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल की सिस्टर, ते पान जरा बघावं लागेल. छे. माणूस सहीचा गुलाम असतो. सही केलीय म्हटल्यावर मागे कसं फिरणार? टेलर सगळ्यात आधी बोलले. तो तुकडा वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण थोडा लांब झालाय, आखूड करा, असं त्यांनी सांगितलं. दोन पानांचा तुकडा लांब. विमावाले म्हणाले, लांबी ठीक आहे, पण शेवटी बायबलमधलं एखादं वचन हवं होतं, वाचताना मला ते फार जाणवलं. टेलर म्हणाले, वचन कसलं, तिथे शांतताच हवी, मी तर त्या ओळीवर दोनदा थांबलो. कोणत्या ओळीवर, असं विमावाल्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघेही बुडाले असते, म्हणून दोघेही एकमेकांना सांभाळून भांडत होते. जी पानं दोघांनी पाहिली नव्हती त्यांच्यावरून पार हमरीतुमरी. मी टेबलाखाली स्वतःच्या मांडीला चिमटे काढत होतो. हसू येत होतं की रडू, मलाच कळेना.

मग हेडमास्तरांनी हात वर केला आणि दोघे गप्प झाले. ते शाळेत बोलायचे तसं सावकाश बोलले. पुस्तक विश्वास वाढवण्यासाठी असतं. उपासनेत उभं राहून जी बाई देवाची स्तुती करत नाही, तिला वाचून वाचकाने काय घ्यायचं? मी नीट विचार केलाय, ते म्हणाले. ती पानं काढा.

सिस्टरचा चेहरा मी लग्नापासून बघतोय. प्रकाशकाने तीनदा बाड परत पाठवलं तेव्हाही मी हजर होतो. तोंड वाकडं करायची, शिव्या घालायच्या ऐवजी पातेली घासायची आणि झालं. या वेळी तसं काही नाही. दवाखान्यात एखाद्याच्या नातेवाइकांना बाहेर येऊन सांगतात ना, तसा सपाट चेहरा.

“बरं,” ती म्हणाली. “तुम्हीच काढा म्हणालात ना. मग पुस्तकच राहू द्या. त्या दोन पानांसाठी मी बाकीचं लिहिलं होतं.”

आणि ती प्रती गोळा करून पिशवीत भरायला लागली. रागाने नाही. वॉर्डातली चादर घडी करावी तशी. टेलर म्हणाले, असं कसं, उत्तेजन, उत्तेजन. विमावाल्यांनी वचन मागे घेतलं. ती म्हणाली, नाही, तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून वाचलंत, त्याचे आभार. मला एवढंच हवं होतं.

मनापासून वाचलंत. हा शब्द माझ्या कानशिलात बसला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गप्प बसलो तर तिचं इतक्या वर्षांचं बादलीतलं पाणी वाया, आणि बोललो तर तिला काय कळणार? की तिच्या सगळ्यात जवळच्या चार माणसांपैकी एकानेही ते पान उघडलेलं नाही. कोणतं दुःख कमी, सांगा.

मी उठलो आणि तिच्या हातातला प्रतींचा गठ्ठा काढून घेतला.

“सिस्टर, थांबा,” मी म्हटलं. “ही पानं कुणी वाचलेली नाहीत. मी चिकटवली होती.”

आधी कुणाला काही कळलंच नाही. मी माझी प्रत उघडली, नख लावलं, चट्. पानं सुटली, पांढरी खपली टेबलावर पडली. मग टेलरांची, चट्. विमावाल्यांची, चट्. टेलर आपल्या बोटातलं अंगुस्तान बघत बसले, जणू त्यात काही लिहिलंय. विमावाल्यांनी पंख्याकडे बघायला सुरुवात केली. सिस्टर माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. मी म्हटलं, मीपण नाही वाचलं. माझ्या हातांनी चिकटवलं आणि तरी नाही वाचलं.

“जावईबापू,” ती हळू म्हणाली, “तुमच्याशी मी नंतर बोलते.”

राहिली हेडमास्तरांची प्रत. मी नख लावलं. सुटेना. जरा जोर केला. कागद टरकला, पण पानं सुटली नाहीत. मी प्रत उजेडात धरली. पांढरी खपली नव्हतीच. कडेला पिवळसर, चकचकीत रेघ होती. हा बाटलीतला गोंद. दुकानातला, शाळेतली पोरं वापरतात तो. माझी खळ कुणीतरी सोडवली होती, पानं उघडली होती आणि पुन्हा लावून टाकली होती, माझ्यापेक्षा पक्की.

तेव्हा मी एकदम फिरलो. चारात चार मोजून बसलेला मी, आणि हा माणूस माझ्या नाकावर टिच्चून वाचून मोकळा झालेला. मी हेडमास्तरांना म्हटलं, सर, तुम्ही वाचलंत आणि परत चिकटवलंत. तुम्ही वाचून मग ‘काढा’ म्हणालात.

सिस्टरने हातातली पिशवी खाली ठेवली. तिला तेच वाटत होतं, हे मला आत्ता कळलं. हेडमास्तरांनी वाचलं, म्हणून ते काढा म्हणाले, आणि त्यांनी काढा म्हणायला एक कारण होतं. त्यांची मुलगी. कॉलेजात असताना तापाने गेली. अख्खं चर्च मातीला होतं. कादंबरीतली मुलगीही तापानेच जाते, एवढं पहिल्या पाच पानांत होतं, तेवढी शिवताना मीसुद्धा वाचली होती. माझ्या मठ्ठ डोक्यात दोन गोष्टी जोडल्याच गेल्या नव्हत्या.

हेडमास्तर लालबुंद झाले. वांड्या, तोंड सांभाळ, म्हणाले. मग टेबलावर हात आपटून बोलले, “मी चिकटवीन कशाला? मी ते पुस्तक उघडलेलंसुद्धा नाही.”

बोलून गेले आणि मग त्यांना ऐकू आलं आपण काय बोललो ते.

मी माझ्या आयुष्यात खूप लोकांची फजिती केली आहे, पण हेडमास्तरांना असं उघड्यावर उभं राहिलेलं बघून मला जराही मजा आली नाही. ते खुर्चीत बसले. आवाज अर्धा झाला होता. म्हणाले की त्यांना बारीक अक्षर हल्ली सोसत नाही. सगळ्यांचं लिखाण आजवर बाईच वाचायच्या आणि जेवताना त्यांना गोष्ट सांगायच्या. त्यावरून ते बोलायचे. या खेपेला बाईंनी काहीच सांगितलं नाही. चांगलं आहे, एवढंच म्हणाल्या.

म्हणजे आमच्या मंडळाची आतापर्यंतची सगळी उत्तेजनं, शाबासक्या, सूचना, सगळ्या स्वयंपाकघरातून येत होत्या. टेलरांचा जबडा जो खाली आला तो तसाच राहिला. त्यांच्या इस्त्रीवरच्या प्रवचनाला मिळालेली, आजवर त्यांनी जपून ठेवलेली ती एक सूचना, ती बाईंची होती.

बाई दारात उभ्या होत्या. हातात चहाचा ट्रे, त्यात सहा कप, एक थेंब सांडलेला नाही. त्या कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. बाई तशा बोलत नाहीत. चर्चमध्ये पुढून दुसऱ्या बाकावर, हेडमास्तरांच्या शेजारी. हेडमास्तरांचा आवाज दांडगा, ते गायला लागले की पेटीवाला आपला सूर सोडून त्यांच्या मागे धावतो. त्या आवाजापुढे शेजारच्या बाईचा आवाज कुणाला ऐकू येणार?

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

“मी उघडलं,” त्या म्हणाल्या. “वाक्य अर्ध्यात तुटलं होतं, म्हणून सुरी घालून उघडलं. वाचलं आणि परत चिकटवलं.”

हेडमास्तरांनी विचारलं, का. फक्त एवढाच शब्द, का.

“तुम्ही वाचलं असतं तर काढायला लावलं असतं म्हणून,” बाई म्हणाल्या. “न वाचताच लावलंत.”

मग त्या सिस्टरकडे वळल्या. त्यांना एकच विचारायचं होतं. हे तुला कुणी सांगितलं? त्यांनी ते कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. घरातही नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही.

मला समजायला दोन श्वास लागले. विमावाल्यांना माझ्याआधी समजलं, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हेडमास्तरांना सगळ्यांत शेवटी समजलं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. इतकी वर्षं रविवारमागून रविवार हा माणूस छाती भरून गात होता, आणि वीतभर अंतरावर त्याची बायको नुसते ओठ हलवत होती.

सिस्टर उभी राहिली. कुणी सांगितलं नाही, ती म्हणाली. “मी तुमच्या मागच्या बाकावर बसते, बाई. गाणारा माणूस ओळीच्या आधी श्वास घेतो. पाठ वर येते, खांदे हलतात. तुमचे हलत नाहीत. नर्सला ते दिसतंच.”

ती पुढे म्हणाली की म्हणूनच विचारत होते, ठेवू की काढू. तुमच्या घरातलं मी न विचारता उचललं. सरांनी वाचून ‘काढा’ म्हटलं असं वाटलं, तेव्हा कळलं की माझा हक्क नव्हता. मी लिहायलाच नको होतं.

बाईंनी तिला खाली बसायला सांगितलं. चहा घे म्हणाल्या. सिस्टरने कप घेतला. मला वाटलं, आता बाई रडतील, किंवा सिस्टरला जवळ घेतील, किंवा म्हणतील की फार सुंदर लिहिलंस, हृदयस्पर्शी. तसं म्हटलं असतं तर सगळ्यांना सुटल्यासारखं झालं असतं.

बाईंनी हेडमास्तरांची प्रत ओढून घेतली, चिकटवलेली पानं तशीच सोडून पुढचा भाग काढला आणि त्यावर बोट ठेवलं.

“ती दोन पानं खरी आहेत,” त्या म्हणाल्या. “पण याच्यापुढचं खोटं आहे.”

सिस्टरचा कप बशीत आदळला. मीही दचकलो. मंडळ स्थापन झाल्यापासून त्या खोलीत ‘खोटं’ हा शब्द कुणी कुणाच्या लिखाणाला लावला नव्हता.

पुढे असं होतं की शेजारच्या बाळाचा बाप्तिस्मा असतो, आणि पाणी पडल्यावर बाळ रडतं, आणि त्या आईला एकदम कंठ फुटतो, आणि ती गायला लागते, सगळे वळून बघतात. बाई म्हणाल्या, मी किती बाप्तिस्म्यांना उभी राहिले माहीत आहे का? बाळं रडली. मला काही झालं नाही. तू तिला लवकर बरं केलंस. तुला पुस्तक संपवायची घाई झाली.

मला वाटलं, संपलं. आता सिस्टर पिशवी उचलून जाणार ती कायमची. आधी चौघांनी न वाचता मारलं, आता एकीने वाचून मारलं. मी मधे पडणार होतो. म्हणणार होतो की बाई, जरा उत्तेजन.

पण सिस्टर खुर्ची ओढून बाईंच्या जवळ गेली होती. तिचा तो सपाट चेहरा गेला होता. कपाळाला आठ्या, ओठ दाताखाली, अगदी सुईला शीर सापडत नसली की असते तशी.

“मला तिथे पुढे दिसतच नव्हतं,” ती म्हणाली. “तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा असंच काहीतरी घातलं. मग ती देवाकडे परत येते कशी, बाई?”

बाई विचारात पडल्या. विमावाले वचन सुचवतील या भीतीने मी त्यांच्या पायावर पाय ठेवून बसलो.

“ती गेली कुठे होती?” बाई म्हणाल्या. “दर रविवारी येऊन उभी राहतेच की.”

टेलरांनी या वेळी डोळे पुसले, आणि ते पाणी खरं होतं, कारण त्यांना रुमाल सापडेना. शेवटी कोटाच्या बाहीला पुसले, स्वतः शिवलेल्या. हेडमास्तर दोन्ही तळहात टेबलावर पालथे टाकून बायकोकडे बघत होते. मला त्यांच्या छड्या आठवत होत्या आणि तरी वाटत होतं, उठून यांच्या पाठीवरून हात फिरवावा. फिरवला नाही. वांड्याच्या हाताचा कोण भरवसा धरणार, आणि त्यात आजच्या दिवशी.

सिस्टरने पिशवीत हात घातला. मला वाटलं रुमाल काढतेय. तिने दवाखान्यातल्या कागदांची पाठकोरी चवड काढली, तापाचे तक्ते असतात ती, आणि खिशातलं पेन. थर्मामीटरशेजारी ठेवतात ते. तक्ता उलटा करून तिने वर बाप्तिस्मा असं लिहिलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. मग प्रकाशकाला कधी पाठवणार, असं विमावाल्यांनी चाचरत विचारलं. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली की आता कसली पाठवतेय, आता तर मधलं अख्खं प्रकरण लिहायचंय. वर्ष जाईल. दोन जातील. आणि हे सांगताना तिचा आवाज असा होता की जणू कुणी तिला बढती दिली आहे.

“बाई,” ती म्हणाली, “गीताला उभ्या राहता तेव्हा हात कुठे असतात तुमचे? मागून मला दिसत नाहीत.”

“पुढच्या बाकाच्या पाठीवर.”

“नुसते ठेवलेले?”

“नाही. घट्ट धरलेले.”

सिस्टर लिहीत होती. तेव्हा हेडमास्तरांचा आवाज आला. इतका बारीक, की मी आधी ओळखलाच नाही.

“मला वाटायचं,” ते म्हणाले, “तुझे गुडघे दुखतात.”

सिस्टरने तेही लिहून घेतलं.